खुंटा हलवून बळकट

आमच्या परसातली सुबाभूळ पाडायला पावणेदोन तास लागले आणि तिचा बुडखा काढायला साडेतीन वर्षं. त्या पावणेदोन तासांत मी फक्त चहा केला, तोही दोनदा, त्यामुळे त्याबद्दल सांगण्यासारखं माझ्याकडे फार नाही. साडेतीन वर्षांबद्दल मात्र मी कुठेही, कितीही वेळ बोलू शकतो. लग्नाच्या पंगतीत बोललो आहे. एकदा दाताच्या डॉक्टरांकडे तोंडात कापसाचे बोळे असतानाही बोललो आहे.

ज्यांचा जन्म 1990 नंतरचा आहे त्यांना सुबाभूळ म्हणजे रेल्वेलाइनच्या कडेला आपोआप वाढलेलं काहीतरी वाटतं. पण एके काळी तिला कल्पवृक्षाचा मान होता. ती मूळची मेक्सिकोकडची. तिकडे वाहाका नावाच्या अख्ख्या राज्याचं नाव या झाडावरून पडलंय आणि तिथली माणसं तिच्या शेंगांमधल्या हिरव्या बिया आवडीनं खातात. आपल्याकडे तिचा बोलबाला झाला सत्तर-ऐंशीच्या दशकांत, आणि त्यात उरुळीकांचनच्या मणिभाई देसाईंच्या 'बाएफ' संस्थेचा मोठा वाटा होता. हेतू चांगला होता आणि झाडाचे गुणही खरे होते. मुरमाड जमिनीत, कमी पाण्यात येते. शेळ्यामेंढ्यांना पाला, चुलीला सरपण, मुळांवरच्या गाठींमुळे जमिनीला नत्र. बाभळीच्या आधी 'सु' लागला तो काही उगाच नाही. ज्याच्या घरी शेळी, चूल आणि माळरान आहे अशा माणसाला यापेक्षा आणखी काय हवं?

आमच्या घरी यातलं एकही नव्हतं. वडील पाटबंधारे खात्यात कारकून. घर तीन गुंठ्यांत. शेळी नाही, गाय नाही, आणि ज्या वर्षी सुबाभूळ आली त्याच वर्षी स्वयंपाकघरात गॅस आला, त्यामुळे चूलही गेली. पण वडिलांचा स्वभाव असा होता की सरकार किंवा शास्त्रज्ञ यांपैकी कुणीही एखाद्या गोष्टीला चांगलं म्हटलं की ती घरात आली पाहिजे. सोयाबीनचं दूध याच वाटेनं आलं होतं आणि गेलंही होतं. सुबाभूळ गेली नाही. साहेबांबरोबर कुठल्याशा शेतावर गेले असताना त्यांनी मूठभर बिया रुमालात बांधून आणल्या आणि मागच्या भिंतीलगत टोचल्या. बाकीच्या रोपांचं काय झालं आठवत नाही. एक जगलं. जगलं म्हणजे काय, आम्ही त्याच्या घरात राहतो की ते आमच्या, असा प्रश्न पडण्याइतपत जगलं.

तुकोबांनी झाडांशी सोयरीक जोडली, ते मला मान्यच आहे. पण सोयऱ्यांमध्येही एखादा असा असतोच की चार दिवसांसाठी म्हणून येतो आणि मग त्याची पोरंही आपल्याच पत्त्यावर शाळेत जाऊ लागतात. सुबाभळीला चपट्या शेंगांचे घोस लागतात. उन्हाळ्यात त्या वाळून तपकिरी होतात, वाऱ्यावर खुळखुळ वाजतात, मग तडकतात, आणि एकेका शेंगेतून दहा-वीस चकचकीत बिया उडतात. पहिल्या पावसानंतर आठवड्याभरात लाजाळूसारख्या पानांची रोपं कुठेही दिसू लागत: गटाराच्या फटीत, तुळशीवृंदावनात, गच्चीवरच्या पन्हळीत. एका वर्षी तर स्कूटरच्या फाटक्या सीटमधून एक कोंब वर आला होता. जगातल्या शंभर अतिउपद्रवी परक्या प्रजातींची जी प्रसिद्ध यादी आहे, तीत सुबाभळीचं नाव आहे. पहिल्या शंभरात येणं आमच्या घरात दुसऱ्या कुणालाही जमलेलं नाही.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. सुबाभळीच्या पाल्यात मिमोसिन नावाचं द्रव्य असतं. घोड्यानं हा पाला बेतानं न खाल्ला तर त्याच्या आयाळीचे आणि शेपटीचे केस गळतात. मी पाला कधी खाल्लेला नाही. पण लहानपणापासून तिच्या सावलीत अभ्यास केला आहे आणि आज माझं डोकं कसं आहे ते मला ओळखणाऱ्यांना ठाऊक आहे. एवढंच नमूद करतो, आरोप करत नाही.

तर मुळं ड्रेनेजच्या चेंबरमध्ये शिरली, मागच्या भिंतीला आडवी भेग गेली, आणि एका फांदीनं विजेच्या तारेशी घसट वाढवली, तेव्हा झाड काढायचं ठरलं. आता झाड आपल्या जागेत, आपल्या बापानं लावलेलं. पण म्हणून त्याच्यावर कुऱ्हाड घालता येत नाही. नागरी भागातल्या झाडांसाठी 1975 सालचा कायदा आहे. रीतसर अर्ज, फोटो, पाहणी, झाडावर नोटीस, हरकती, असं सगळं होतं. आणि ते असावं, असंच माझं मत होतं, म्हणजे अर्ज करेपर्यंत होतं. 2021 मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली: पन्नास वर्षांवरचं झाड वारसावृक्ष ठरतं, आणि जे झाड तोडायचं त्याचं जितकं वय, तितकी नवी रोपं लावायची. म्हणजे मुलीच्या पत्रिकेनंतर पहिल्यांदाच आमच्या घरात कुणाच्या तरी वयाला एवढं महत्त्व आलं.

पाहणीला एक उंच, अबोल गृहस्थ आले. झाडाचा घेर छातीच्या उंचीवर मोजतात. ही उंची सुमारे साडेचार फूट धरलेली असते, छाती कुणाचीही असो. त्यांनी फीत गुंडाळली, आकडा टिपला, वर पाहिलं, खाली पाहिलं आणि म्हणाले, "असेल वीसेक वर्षांचं."

मी श्वास रोखून धरला. वीस म्हणजे वीस रोपं. मी मान डोलावली. तेवढ्यात मागच्या पायरीवर लसूण सोलत बसलेल्या आईचा आवाज आला, "वीस कसलं हो? कपिल देवनं कप आणला ना, त्याच आठवड्यात ह्यांनी बी टोचलं."

"आई, ते दुसरं झाड," मी म्हणालो.

"दुसरं कुठलं? एकच तर जगलं. मी रोज भांड्यांचं पाणी घातलंय त्याला. मला विचार की." मग त्या गृहस्थांकडे वळून, "रात्री रेडिओ लावून बसले होते हे. दुसऱ्या दिवशी सुट्टीच होती, खड्डा खणला. तुम्ही लिहा."

त्यांनी लिहिलं. 1983 ते 2022, एकोणचाळीस. आईच्या चेहऱ्यावर, आपल्या माणसाला योग्य तो ग्रेड मिळाल्याचं समाधान होतं. मी हिशेब केला: अजून अकरा वर्षं हातावर हात धरून बसलो असतो तर आमची सुबाभूळ वारसा झाली असती आणि मी तिचा रखवालदार.

झाडावर नोटीस लागली आणि समोरच्या सरांनी हरकत घेतली. हे सर गेली दहा वर्षं, शेंगा आमच्या गाडीवर पडतात, झाड काढा, म्हणून माझ्या मागे होते. त्यांची हरकत अशी होती की झाड गेलं तर गाडी उन्हात येईल. शेवटी त्यांनी गाडीला कव्हर घेतलं, मी निम्मे पैसे दिले, आणि हरकत मावळली. एकोणचाळीस रोपांची कथा मी इथे सांगत नाही. करंज, बहावा, कांचन, कडुनिंब घेऊन मी शाळांच्या मुख्याध्यापकांना, देवळाच्या विश्वस्तांना आणि फार्महाऊस असलेल्या नातेवाइकांना इतक्या वेळा भेटलो की त्या वर्षी दिवाळीला घरी कुणीच आलं नाही.

मग ते पावणेदोन तास. साग असता तर तोडणाऱ्यांनी मला पैसे दिले असते. सुबाभूळ म्हटल्यावर मी त्यांना दिले. दोर बांधून वरून खाली एकेक फांदी उतरवली. मध्ये एकदाच खोळंबा झाला: खोडाशी आल्यावर करवतीच्या यंत्रातून ठिणग्या उडाल्या आणि साखळी तुटली. आत तार निघाली. वडिलांनी कपडे वाळत घालायला खोडाला आवळलेली तार झाडानं कधीतरी गिळून टाकली होती. तोडणाऱ्यानं साखळीचे चारशे रुपये वेगळे घेतले. ट्रक भरला, अंगण झाडलं, आणि जाताना मी बुडख्याकडे बोट दाखवून विचारलं, "आणि हे?"

"ते खोदाईचं काम, साहेब. आमचं तोडायचं." असं म्हणून ते गेले. जमिनीवर वीतभर उंच आणि परातीएवढं रुंद असं ते मागे राहिलं.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, असं म्हणणाऱ्या पूर्वजानं मेल्यानंतर काय होतं ते बहुधा थांबून पाहिलं नसावं. पंधरा दिवसांत बुडख्याच्या कडेनं, सालीतून, हिरवे कोंब फुटले. मोजले, चौदा. झाडाला एक शेंडा होता. आता चौदा झाले.

इथून सल्ल्यांना सुरुवात झाली. आपल्याकडे गुडघेदुखी, मुलांची करिअर आणि झाडाचा बुडखा या तीन बाबतींत प्रत्येकाकडे खात्रीचा उपाय असतो. पहिला उपाय हिंगाचा. बुडख्याला गिरमिटानं भोकं पाडायची, त्यात हिंग भरायचा, वरून शेण लिंपायचं. झाड मुळापासून मरतं. हा उपाय मला एकमेकांना न ओळखणाऱ्या पाच माणसांनी सांगितला, तोही आवाज खाली आणून, जणू आम्ही कुणाचा तरी काटा काढत होतो. मी सुताराकडून गिरमिट आणलं, आठ भोकं पाडली आणि डब्यातला हिंग भरू लागलो. बायको दारात उभी राहून पाहत होती. "नुसताच हिंग?" ती म्हणाली. "मोहरी, हळद, कढीपत्ता नको?"

तिचं बरोबर होतं. वाण्याकडचा हिंग म्हणजे बराचसा डिंक आणि पीठ. त्यानं वरणाची चव बदलते, झाडाचं मत बदलत नाही. खडा हिंग आणावा तर त्याचा भाव ऐकून बुडख्याबद्दल आदर वाढला. वाईट याचं वाटलं की हिंग हा स्वतःच एका झाडाच्या मुळाचा चीक. आपण तो सगळा परदेशातून आणत आलो. आपल्या मातीत रुजावा म्हणून पालमपूरच्या शास्त्रज्ञांनी 15 ऑक्टोबर 2020 रोजी लाहौलच्या खोऱ्यात पहिलं रोप लावलं. तिकडे हिंगाचं एक झाड जगावं म्हणून माणसं बर्फात राबताहेत, आणि इथे मी तोच हिंग एका झाडाच्या आठ भोकांत कोंबतो आहे. चौदा कोंबांपैकी एकही सुकला नाही. परसात महिनाभर सांबाराचा वास तेवढा येत होता.

मग मीठ झालं. मोरचूद झालं. एकानं वाळवीची वसाहत आणून सोडायला सांगितलं. वाळवी शोधावी लागली नाही, ती आमच्याकडे होतीच, बुडख्यापासून सहा फुटांवर, मागच्या दाराच्या चौकटीत. बुडख्याला तिनं तोंडही लावलं नाही. चौकट पुढच्या मेमध्ये बदलली.

होळीला वाटलं, आता सुटलो. गल्लीतली पोरं लाकडं मागायला आली. मी म्हणालो, "हा बुडखा न्या, अख्खी होळी यातच होईल." सात-आठ पोरं, दोन पहारी, एक टिकाव. तासभर नुसता दणदणाट. पहार घालून दाबली की बुडखा किंचित हलायचा, सगळी ओरडायची, आणि तो परत जागेवर बसायचा, आधीपेक्षा एक सूत खोल. खुंटा हलवून बळकट करणं म्हणजे काय, ते मला शाळेत वाक्यात उपयोग करून दाखवता आलं नव्हतं; त्या संध्याकाळी डोळ्यांनी पाहिलं. पोरं हताश होऊन गेली. रात्री बारा वाजता त्यांनी माझी व्हरांड्यातली वेताची खुर्ची पळवली, ती जळाली, आणि त्याबद्दल तक्रार करता येत नाही कारण सण होता.

बियांचा बंदोबस्त मी वेगळा केला. जमिनीवर पडलेल्या बिया झाडून गोळा केल्या, चांगल्या पाऊण बादली, आणि वंशच संपवायचा म्हणून त्यांवर कढत पाणी ओतलं. थोडा वेळ तशाच ठेवल्या, मनात दोन शब्द बोललो आणि बादली पेरूच्या आळ्याशी रिकामी केली. मृगाच्या पावसात तिथे असं काही उगवलं की रोपवाटिकेच्या माणसानं पाहिलं असतं तर भागीदारी मागितली असती. दरवर्षी पंचवीस-तीस रोपं यायची. या वेळी पाय ठेवायला जागा नव्हती.

याचा उलगडा त्याच पावसाळ्यात झाला. वडिलांची ट्रंक गळक्या खोलीतून हलवताना तळाशी एक पुस्तिका मिळाली, सुबाभूळ लागवडीची, कडा पिवळ्या पडलेली, वडिलांनी लाल पेन्सिलीनं रेघा मारलेली. मी उभ्या उभ्या वाचली आणि मग बसून वाचली. सुबाभळीच्या बीचं कवच फार टणक असतं, त्यामुळे ते सहजी रुजत नाही. पेरणीपूर्वी ते ऐंशी अंश तापलेल्या पाण्यात दोन-तीन मिनिटं बुडवून काढावं. रेघ. चाऱ्यासाठी झाड वाढू न देता वारंवार छाटावं, म्हणजे बुंध्याला जोमदार फुटवे येतात. दोन रेघा. गेलं वर्षभर मी दर महिन्या-दीड महिन्याला कोयता घेऊन ते कोंब छाटत होतो, आणि दर वेळी ते जास्त येत होते. म्हणजे ज्या झाडाचा नायनाट करायला मी निघालो होतो त्याची शास्त्रोक्त लागवड करत होतो, आणि वडिलांनी एकोणचाळीस वर्षांत केली नसेल इतकी चोख. त्यांनी तरी पाणी गरम केलं होतं की नाही, कुणास ठाऊक.

आईला पुस्तिका दाखवली. तिनं चष्मा लावून रेघा तेवढ्या पाहिल्या, मजकूर वाचला नाही. "त्यांचंच अक्षर," ती म्हणाली. रेघेला कसलं अक्षर, हे मी विचारलं नाही.

शेजारच्या वस्तीतल्या एका बाईंकडे शेळ्या आहेत. कोंबांचा सुगावा शेळ्यांना आधी लागला, मग बाईंना. दर चौथ्या दिवशी त्या येऊन भारा कापून नेऊ लागल्या. त्यांच्या शेळ्या खूश, त्या खूश, आणि जाताना कधी आईला वाटीभर दूध. शेळीचं दूध, सुबाभळीचा पाला, जमिनीला नत्र: वडिलांची योजना अखेर पूर्ण क्षमतेनं सुरू झाली होती. बुडख्याला आता घरात स्थान मिळालं. आई सकाळी त्यावर बसून ऊन घेई. सर त्याच्यावर पेपर ठेवून माझ्याशी गप्पा मारत. पापड वाळत घालायची परात त्याच्यावर नेमकी बसे. तो काढायचा विषय काढला की सगळे माझ्याकडे, मी कुणाला वृद्धाश्रमात टाकायला निघालो आहे, असं पाहत.

पण ड्रेनेज पुन्हा तुंबलं. तेवढं झालं की सगळ्यांचं वृक्षप्रेम आटोपतं. जेसीबी आणावा तर घराशेजारचा बोळ साडेतीन फुटांचा. शेवटी तोडगा सुचवला आमच्या बोअरची बिघडलेली मोटार काढायला आलेल्या माणसानं. त्याच्याकडे लोखंडी तिवई आणि चेनपुली असते. तो बुडख्याभोवती एक फेरी मारून म्हणाला, "तीनशे फुटांवरनं मोटार काढतो आम्ही. हे तर वरच आहे."

दुसऱ्या दिवशी दोन गड्यांनी सभोवार कंबरभर चर खणला. आडवी मुळं कुऱ्हाडीनं तोडली. सोटमूळ मात्र सरळ खाली गेलेलं, मांडीएवढं, सालीवर पाणी मारून घासलं तेव्हा आतून चंदनी रंगाचं. तिवई उभी केली, साखळी दोन फेरे घालून आवळली, आणि तो माणूस पुलीची साखळी खेचू लागला. कड, कड, कड. बराच वेळ नुसती साखळी ताणली गेली आणि तिवईचेच पाय मातीत रुतले. मग खालून, दुधाचा दात निघताना येतो तसा, पण खूप मोठा, एक आवाज आला. बुडखा वर आला. त्याच्या मुळांनी एक फुटकी कुंडी, माझा एक रबरी चेंडू आणि ड्रेनेजच्या पाइपाचा वीतभर तुकडा घट्ट धरून ठेवला होता. चेंडू ओळखला. त्याच्यासाठी मी 1986 साली धाकट्या भावाला मारलं होतं. त्याला फोन करून सांगितलं, त्यानं माफ केलं नाही.

चौघांनी लोटत-गडगडवत तो फाटकाबाहेर नेऊन ठेवला, मुळं वर, तोंड खाली.

सकाळी घंटागाडी आली. गाडीवरच्या ताई खाली उतरल्या, त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "काका, हे ओलं की सुकं?"

"सुकं," मी म्हणालो.

त्यांनी नखानं साल खरवडली. खाली हिरवं होतं. "ओलं आहे."

"मग ओल्यात घ्या."

"ओल्यात भाजीपाला. लाकूड नाय घेत ओल्यात. वाळू दे, मग सुक्यात टाकू."

वाळायला ठेवला. आठ दिवस झाले, पंधरा झाले. मधे दोन पाऊस झाले. तुळशीला घालून उरलेला तांब्या आई रोज कुठे ओतते, इकडे माझं लक्ष नव्हतं. एका सकाळी पेपर घ्यायला गेलो तर उलट्या बुडख्याच्या बुडातून, जमिनीलगत, तीन कोवळे कोंब बाहेर आलेले, आणि वळून वर उजेडाकडे निघालेले. तेवढ्यात घंटागाडीचं गाणं ऐकू आलं. ताई उतरल्या, वाकून पाहिलं, आणि हात झटकले.

"काका, आता हे झाड झालं," त्या म्हणाल्या. "झाड आम्हाला हलवता येत नाही. ऑफिसातनं परवानगी आणा."